वाचक विचारतात : पहिली बाजू सुरात का बसत नाही?

प्रश्न : मामांकडून जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची जुनी एलपी मिळाली. पेटी काढून सोबत वाजवायला बसलो तर पहिल्या बाजूचा सूर पांढरी दोनच्या वर आणि काळी दोनच्या खाली असा मधेच लटकतो, दुसरी बाजू मात्र बरोब्बर लागते. दुरुस्तीवाल्याने रेकॉर्ड प्लेअरचा बेल्ट बदलला, आता मोटर बदलू म्हणतोय. बदलू का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : अजिबात बदलू नका! प्लेअर चांगला आहे आणि तुमचा कान तर त्याहून चांगला आहे. मोटर बिघडली असती तर दोन्ही बाजू बेसूर लागल्या असत्या ना, चूक तुमच्या तबकडीतच कोरलेली आहे.

झालं असं की हा अल्बम 1959 साली न्यूयॉर्कला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या 30th स्ट्रीट स्टुडिओत दोन दिवसांत रेकॉर्ड झाला, 2 मार्च आणि 22 एप्रिल. (ती जागा आधी चर्च होती, आवाजातली ती मोकळी गुंज तिथली.) 2 मार्चला मेन टेप मशीन किंचित स्लो फिरत होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, मग स्लो भरलेली टेप नॉर्मल स्पीडला वाजवली की सगळं थोडं फास्ट आणि सूर चढा. त्या दिवशीची तिन्ही गाणी पहिल्या बाजूला आली, एप्रिलची दोन दुसऱ्या बाजूला, म्हणून तुमचं ‘ऑल ब्लूज’ पांढरी पाचला छान बसतं.

नशीब म्हणजे शेजारी एक बॅकअप मशीन बरोबर स्पीडला चालू होतं. त्या टेपवरून 1992 च्या रीइश्यूमध्ये (नव्याने काढलेल्या आवृत्तीत) चूक सुधारली, म्हणजे तब्बल 33 वर्षं जगभरची पोरं या रेकॉर्डसोबत रियाज करताना आपलंच वाद्य पुन्हा पुन्हा लावत बसली असणार, मला तर हे आठवलं की फार वाईट वाटतं.

वाजवायचं असेल तर नंतरची सुधारलेली कॉपी घ्या. पहिल्या बाजूच्या ‘सो व्हॉट’ला पांढरी दोनचा सा धरून काफी थाट वाजवा, सगळ्या पांढऱ्या पट्ट्याच येतात, मधे आठ बार (एक बार म्हणजे चार मात्रा) काळी दोनला जातात आणि परत खाली येतात, ती जागा पेटीवर स्वतः पकडून बघाच. मामांची कॉपी मात्र विकू नका, 1959 पासून 1992 पर्यंत लोकांनी जे ऐकलं ते तेच आहे.

प्रश्न : रीइश्यूवर ‘180 ग्रॅम’ लिहिलेलं असतं, त्याने आवाज सुधारतो का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : नाही, हाताला जड लागते एवढंच. आवाज ठरतो कुठल्या टेपवरून आणि कुणी मास्टरिंग (तबकडी काढण्याआधीची आवाजाची शेवटची जुळणी) केलं त्यावर. जास्तीचे पैसे देण्याआधी कव्हरवर ती माहिती शोधा, आणि लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला नंबर उजेडात तिरका धरून वाचा, कुठलं कटिंग (मूळ तबकडी कोरण्याची खेप) आहे ते त्यावरून कळतं.