नवं ५०६० की जुनं ३०६०? आधी एसएमपीएसचा स्टिकर वाचा

तुमच्याकडे आय५-१०४००एफ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, लोकल ४५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि ७५ हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर आहे. गेमसाठी ३५ हजारांत नवं आरटीएक्स ५०६० कार्ड घ्यावं की ओळखीतून मिळणारं जुनं १२ जीबीचं ३०६०, आणि खरेदी नाशिकमध्ये करावी की मुंबईला जाऊन, असं तुम्ही विचारलंय.

कार्डाचं नंतर बघू. आधी कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढा आणि एसएमपीएसवरचा स्टिकर वाचा. १६५० ला जेमतेम ७५ वॅट लागतात, म्हणून तुमचा सप्लाय आजवर गप्प बसलाय. ५०६० ला १४५ वॅट लागतात, ३०६० ला १७०.

हे इतक्या तळमळीनं सांगतोय कारण मी यात पोळलोय. २०२३च्या मे महिन्यात मी जुनं ३०६० घेतलं. नाशिकच्या सिडकोतलं आमचं घर, वरचा मजला, दुपारी खोली नुसती भट्टी. गेम सुरू केला की पंधरा-वीस मिनिटांत पीसी खाडकन बंद. ना एरर, ना निळी स्क्रीन. दुकानदारानं दोनदा विंडोज टाकून दिलं, दोन्ही वेळा पैसे घेतले आणि शेवटी कार्डच खराब आहे म्हणून सांगितलं. मी ते विकायलाही काढलं होतं. माझा एक मित्र अंबड एमआयडीसीत पॅनलचं काम करतो. तो घरी आला, त्यानं मोबाइलचा टॉर्च मारून स्टिकर वाचला. वर ठळक ४५० वॅट, पण +१२ व्होल्टच्या रकान्यात फक्त १८ अँपिअर. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही याच लाइनवर जगतात. १७० एकटं कार्डच खाणार, तर बाकीच्यांना उरलं काय? चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा सप्लाय बसवला आणि तेच ‘खराब’ कार्ड आजही व्यवस्थित चालतंय.

तेव्हा ३५ हजारांतून एसएमपीएसचे पैसे आधी बाजूला काढा. ५५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवतो याचा शिक्का) असलेला, कार्डासाठी स्वतःची ८ पिनची वायर असलेला घ्या. जुन्या सप्लायवर कन्व्हर्टर लावून भागवू नका.

आता कार्ड. माझं मत नव्या ५०६० ला. ते ३०६० पेक्षा स्पष्टपणे वेगवान आहे, वीज कमी खातं आणि वॉरंटी असते. त्याची उणी बाजू कार्डाच्या स्वतःच्या मेमरीची, ती ८ जीबीच आहे. शिवाय ते पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसरमधल्या डेटाच्या रस्त्याच्या, ८ लेनच वापरतं, आणि तुमचा दहाव्या पिढीचा प्रोसेसर तिसऱ्या आवृत्तीचाच वेग देतो. गेम ८ जीबीत मावतो तोवर फारसा फरक जाणवत नाही. मेमरी भरली की मात्र डेटा साध्या रॅममधून त्या अरुंद वाटेनं यायला लागतो आणि चित्र अडखळतं. गेमच्या सेटिंगमध्ये टेक्स्चर अल्ट्राऐवजी हायवर ठेवा, फुल एचडीला तेवढं पुरतं. ब्लेंडरसारख्या थ्रीडी सॉफ्टवेअरवर काम करणार असाल तर १२ जीबीचा उपयोग आहे, मग ३०६० चा विचार करा. पण ग्राफिक्स कार्डांवर चालणारं इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये बंद पडल्यावर तिथं राबलेली बरीच कार्डं बाजारात आली. ओळखीतलं असलं तरी अर्धा तास जड गेम चालवून, तापमान आणि पंख्यांचा आवाज बघूनच पैसे द्या. इंटेलचं आर्क बी५८० कुणी सुचवेल, त्यातही १२ जीबी आहे, पण तुमच्यासारख्या जुन्या प्रोसेसरबरोबर ते बरंच मागे पडतं.

एक छोटी चाचणी आजच करा. नेहमीच्या गेममध्ये रिझोल्यूशन कमी करा. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) जवळपास तेवढेच राहिले तर अडचण प्रोसेसरची आहे, महागडं कार्ड तिथं काही करणार नाही. वॅलोरंटमध्ये हे हमखास दिसतं. रॅमची एकच पट्टी असेल तर तिच्या जोडीची दुसरी टाका. मॉनिटर ७५ हर्ट्झचा असल्यामुळे ७५ च्या पुढचे एफपीएस तुम्हाला दिसणारही नाहीत.

मुंबईचं म्हणाल तर मी पंचवटी एक्सप्रेसनं दादर, तिथून लोकलनं ग्रँट रोड असं करून लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलोय. भाव थोडे कमी मिळतात. पण कार्ड बिघडलं की पुन्हा तीच वारी. मी तरी नाशिकमधूनच घेईन, दुकानदाराच्या काउंटरवर जाऊन उभं राहता येतं. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि कार्ड मावेल ना हे बघायला घरून निघण्याआधी कॅबिनेटमधली जागा टेपनं मोजा.

आणि १६५० लगेच विकू नका. तुमच्या प्रोसेसरच्या नावातला ‘एफ’ म्हणजे त्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही. नवं कार्ड वॉरंटीत गेलं तर तेवढे दिवस स्क्रीनवर चित्र दाखवायला तेच उपयोगी पडेल.