एमएनडी झाल्यावर किती वर्षं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे, एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात जॉबर होते. आठ महिन्यांपूर्वी उजव्या पायातली चप्पल निसटायला लागली. पुण्यात ईएमजी (नसा-स्नायूंची विजेवरची तपासणी) झाली आणि एएलएस, म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीज (एमएनडी) निघाला. यात स्नायू हलवणाऱ्या नसपेशी मरत जातात. डॉक्टर म्हणाले, तीन ते पाच वर्षं. ही वर्षं कधीपासून धरायची? – अक्कलकोट रोड

चप्पल पहिल्यांदा निसटली त्या महिन्यापासून. बहुतेक अभ्यासांत काळ मोजतात तो पहिल्या लक्षणापासून. निदान व्हायलाच सहज वर्षभर जातं. आपल्याकडे तर त्याआधी ‘गादी सरकली’ म्हणून ट्रॅक्शन झालेलं असतं, क्वचित मणक्याचं ऑपरेशनसुद्धा. घरचे मात्र रिपोर्ट हातात पडला त्या दिवसापासून मोजतात.

आता आकड्याकडे येऊ. लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण दोन ते चार वर्षांत निम्मे रुग्ण दगावतात. पण उरलेले निम्मे कुठवर जातात, हे कुणी सांगत नाही. पाचांतला सुमारे एक जण पाच वर्षांपुढे जातो आणि दहांतला एक दहा वर्षांपुढे. शिवाय हे आकडे प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतले. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदूविकारांच्या संस्थेने १,१५३ रुग्णांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आजार सुरू होण्याचं सरासरी वय ४६च्या आसपास होतं, म्हणजे तिकडच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी कमी. जगण्याचा काळही तिकडच्यापेक्षा जास्त निघाला. लवकरच्या वयात सुरू झालेला हा आजार सहसा सावकाश चालतो, त्यामुळे दोन्ही गोष्टी जुळतात.

तुमच्या वडिलांपुरतं पाहायचं तर शंभर जणांच्या सरासरीपेक्षा त्यांचा स्वतःचा वेग जास्त बोलका आहे. बोलणं, गिळणं, लिहिणं, कपडे घालणं, चालणं, श्वास अशा बारा गोष्टींना प्रत्येकी चार गुण देऊन ४८ पैकी एक आकडा काढतात. निरोगी माणसाचे ४८. आजच्या आकड्यापर्यंत किती गुण उतरले ते पाहायचं आणि त्याला महिन्यांनी भागायचं. महिन्याला साधारण एक गुण ही नेहमीची घसरण. आठ महिन्यांत चारच गुण गेले असतील तर आजार संथ आहे. बारा गेले असतील तर पुढची तयारी आत्ताच करा. पुढच्या भेटीत ‘किती वर्षं?’ विचारण्याऐवजी हा आकडा मागा.

प्रश्न : आईचं (६६) बोलणं बोबडं झालंय, पाणी पिताना ठसका लागतो. अन्न देण्यासाठी पोटात नळी बसवायला सांगितलीय. नातेवाईक म्हणतात, नळी म्हणजे शेवट. – बार्शी

जीभ-घशापासून सुरू होणारा प्रकार, ज्याला बल्बर म्हणतात, तो हातापायांपासून सुरू होणाऱ्या प्रकारापेक्षा लवकर पुढे जातो. हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्यात वजन घटलं की आणखी घाई होते, आणि ते थांबवणं आपल्या हातात आहे. फुफ्फुसांची क्षमता निम्म्याच्या खाली जाण्याआधी नळी बसवली तर धोका कमी. लोक शेवटी, नाइलाजाने बसवतात, म्हणून ती शेवटाची खूण वाटते. नळीनंतरही, झेपेल तोवर, तोंडाने थोडं खाता येतं. फक्त कडक भाकरी आणि कोरडी शेंगा चटणी बंद. पातळ पाण्यापेक्षा घट्ट माडगं किंवा घट्ट आंबील सोपी जाते. हनुवटी छातीकडे झुकवून गिळू द्या.

प्रश्न : स्टीफन हॉकिंग निदानानंतर ५५ वर्षं जगले, मग आमचा माणूस का नाही? – जुळे सोलापूर

हॉकिंग यांचं निदान १९६३ मध्ये, २१व्या वर्षी झालं आणि ते २०१८ मध्ये गेले. वय कमी, आजार विलक्षण संथ, १९८५ नंतर श्वासासाठी गळ्यात नळी आणि चोवीस तास नर्स. बेसबॉलपटू लू गेरिग यांचं निदान जून १९३९ मध्ये झालं आणि जून १९४१ मध्ये ते गेले. आजार एकच. कुणालाही यांपैकी एकाचंच उदाहरण सांगू नये.

प्रश्न : मुलगा २० वर्षांचा. उजव्या हाताचा पंजा बारीक होत चाललाय, थंडीत बोटं आखडतात. एमएनडी असेल का? – होटगी रोड

या वयात, एकाच हातात, आणि दुखणं-बधिरपणा नसेल तर आधी हिरायामा आजाराचा विचार करावा. त्यात मान वाकवताना मज्जारज्जूवर दाब येऊन पंजा बारीक होतो. भारतात तरुण मुलांमध्ये तो दिसतो. मान पुढे वाकवून काढलेल्या एमआरआयमध्ये तो कळतो; सरळ मानेच्या एमआरआयमध्ये निसटू शकतो, म्हणून चिठ्ठीवर तसं स्पष्ट लिहून घ्या. काही वर्षं वाढून तो बहुधा आपोआप थांबतो आणि आयुष्य कमी करत नाही. मानेला कॉलर लावतात. लवकर दाखवलं तर पंजाची ताकद जास्त वाचते.

प्रश्न : रिल्युझोल गोळी (आजार थोडा मंदावणारी) आणि बायपॅप मशीन (मास्कमधून श्वासाला जोर देणारं), पैसे एकालाच पुरतील. काय घ्यावं? – विजापूर रोड

शक्य तोवर दोन्ही घ्या. रिल्युझोल जेनेरिकमध्ये मिळतं. ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. लिव्हरची तपासणी अधूनमधून हवी. त्याने आयुष्य साधारण दोन-तीन महिन्यांनी वाढतं. बायपॅपचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालेलं ब्रिटिश संशोधन पाहा : ज्यांचं गिळणं फार बिघडलेलं नव्हतं, त्यांना सुमारे सात महिने जास्त मिळाले आणि झोपही सुधारली. म्हणून श्वासाचा त्रास सुरू झाला असेल आणि खरोखर एकच परवडत असेल, तर मी मशीन म्हणेन.

सकाळी उठताच डोकं दुखणं, आडवं झोपता न येणं, दिवसा पेंगणं या श्वास कमी पडू लागल्याच्या खुणा. यावर घरी नुसता ऑक्सिजनचा सिलिंडर लावू नका. इथं स्नायू थकलेले असतात; साठतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि नुसत्या ऑक्सिजनने तो आणखी साठू शकतो. मशीनसोबत इन्व्हर्टरचाही खर्च धरा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात वीज कधी जाईल सांगता येत नाही.

प्रश्न : तीन लाखांत स्टेम सेलचं इंजेक्शन देतात. घ्यावं का? – मोहोळ

नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या नियमावलीनुसार एमएनडीसाठी हे फक्त मंजूर चाचणीतच देता येतं, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. तुमच्याकडे पैसे मागितले, तिथंच विषय संपला.

प्रश्न : अप्पांना आजाराचं नाव सांगितलेलं नाही. सांगावं का? – पंढरपूर

सांगावं. किती वर्षं, हे त्यांनी विचारलं तरच. काहींना आकडा नको असतो आणि तो त्यांचा हक्क आहे. पण गळ्याला छेद देऊन व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे त्यांनाच विचारलं पाहिजे, आणि तेही बोलणं स्पष्ट असेपर्यंत. त्यावर माणूस अनेक वर्षं जगू शकतो, पण अंग हळूहळू जातच राहतं आणि घरात चोवीस तास प्रशिक्षित माणूस लागतो. अप्पांचं उत्तर ठाऊक नसेल, तर एखाद्या रात्री आयसीयूच्या दारात ते तुम्हालाच द्यावं लागेल.