थायलंडमध्ये निवृत्तीनंतर राहताना ९० दिवसांचा पत्ता-रिपोर्ट आणि व्हिसाची वार्षिक मुदतवाढ कशी सांभाळायची?

तुम्ही लिहिलंय की तुमचं वय ५९, पत्नीचं ५४, दोघांचा ९० दिवसांचा नॉन-इमिग्रंट ओ व्हिसा हातात आलाय आणि पुढच्या महिन्यात पुण्याहून चियांग माईला निघताय. कुणीतरी सांगितलं, ‘दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला जाऊन यायचं, व्हिसा आपोआप चालू राहतो.’ एक एजंट म्हणतो, खात्यात पैसे नसले तरी तो वर्षाची मुदतवाढ करून देईल. आणि गणपतीला घरी यायचा तुमचा बेत आहे. मी आणि माझी पत्नी चियांग माईतच निवृत्तीच्या मुदतवाढीवर राहतो आणि सगळे कागद स्वतः करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्हाला मिळालेली पहिली माहिती चुकीची आहे, आणि तिच्यावर विसंबून राहिलात तर मोठा फटका बसेल. ९० दिवसांचा रिपोर्ट म्हणजे फक्त ‘मी अजून याच पत्त्यावर राहतो’ असं सरकारला कळवणं. थायलंडच्या १९७९च्या इमिग्रेशन कायद्यातल्या कलम ३७मध्ये ही अट आहे. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला देतो ना, त्याच जातीचं हे काम. त्याने तुमच्या मुक्कामाची मुदत एका दिवसानेही वाढत नाही. मुदत वाढते ती वेगळ्या अर्जाने, त्याचं नाव टीएम-७. आणि मुदत वाढली तरी देशाबाहेर जाऊन परत यायची परवानगी तिसरीच, टीएम-८. पत्ता, मुदत आणि पुनर्प्रवेश यांच्या तारखा वेगळ्या असतात आणि एक काम केलं म्हणून दुसरं होत नाही.

सुरुवात घरापासून होते. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांच्या आत घरमालकाने इमिग्रेशनला कळवायचं असतं. हा टीएम-३० अर्ज, याच कायद्याच्या कलम ३८खाली. जबाबदारी कायद्याने मालकाची आहे, पण पावती नसेल तर अडकता तुम्ही. बँकेत खातं उघडायला राहण्याचा पुरावा मागतात, मुदतवाढीच्या वेळी टीएम-३०ची पावती मागतात. म्हणून भाडेकरार करतानाच मालकाला स्पष्ट विचारा: टीएम-३० तुम्ही करणार का? बरेच मालक ऑनलाइन करतात आणि पावतीचा फोटो पाठवून देतात. मालक दुसऱ्या शहरात असेल किंवा टाळाटाळ करत असेल, तर त्याचं अधिकारपत्र, ओळखपत्राची आणि घराच्या नोंदवहीची, म्हणजे थबियन बानची, त्याने सही केलेली प्रत घेऊन तुम्हीच जा. जो मालक या कागदांना नाही म्हणतो त्याचं घर कितीही सुंदर असलं तरी घेऊ नका. हे मी अगदी कळकळीने सांगतो. पुढचं सगळं याच कागदावर उभं राहतं.

आता पैसे. निवृत्तीच्या मुदतवाढीसाठी वय ५० पूर्ण हवं आणि थाई बँकेत स्वतःच्या नावावर ८ लाख बाट हवेत. दुसरा मार्ग म्हणजे दरमहा ६५,००० बाट उत्पन्न, किंवा बचत आणि उत्पन्न मिळून वर्षाचे ८ लाख. भारतातल्या पेन्शनीतून महिन्याला ६५,००० बाट दाखवणं बहुतेकांना जड जातं. आपल्या लोकांनी ८ लाखांचाच मार्ग धरावा असं माझं मत आहे.

पण रक्कम असून भागत नाही, ती किती दिवस खात्यात आहे हे बघतात. अर्जाच्या आधी सलग दोन महिने पूर्ण ८ लाख हवेत. तुमचा व्हिसा ९० दिवसांचा आहे हे लक्षात घेऊन उलटा हिशोब करा. शेवटच्या दिवशी अर्ज करायचा म्हटलं तरी पहिल्या ३० दिवसांत पैसे खात्यात पोचायला हवेत. त्या ३० दिवसांत घर शोधायचं, टीएम-३० करायचं, खातं उघडायचं आणि भारतातून रक्कम मागवायची. म्हणून पहिला महिना फिरण्यात घालवू नका. डोंगर, मंदिरं, रविवारचा बाजार कुठेही जात नाहीत.

भारतातून पैसे कसे पाठवायचे, हे निघण्यापूर्वी ठरवा. निवासी भारतीय म्हणून रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. ८ लाख बाट म्हणजे वीस लाख रुपयांच्या वर रक्कम जाते, आणि अशा कारणासाठी पाठवलेल्या रकमेतल्या १० लाखांच्या वरच्या भागावर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो बुडत नाही, आयकर विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो. पण त्या दिवशी तेवढी जास्तीची रक्कम हाताशी असावी लागते. कायम राहायला म्हणून देश सोडलात की निवासी बचत खातं एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या खात्यात, बदलून घ्यावं लागतं. मग पैसे पाठवण्याचा रस्ता वेगळा, आयकर खात्याचा फॉर्म, गरजेप्रमाणे सीएचं प्रमाणपत्र वगैरे. आपल्या सीएकडे एकदा बसून हे दोन्ही नीट समजून घ्या. आणि भारतातलं सिमकार्ड रोमिंगवर चालू ठेवा. ओटीपी आला नाही तर स्वतःचेच पैसे हलवता येत नाहीत, ही अडचण इथे आलेल्या कितीतरी भारतीयांना येते.

रक्कम परदेशातून आल्याचा थाई बँकेचा पुरावा जपून ठेवा. खातं एकट्याच्या नावावर उघडा. नवरा-बायकोचं संयुक्त खातं आपल्याकडे सोयीचं वाटतं, इथे मुदतवाढीच्या वेळी तेच अडचणीचं ठरतं. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहा. आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव असा क्रम असतो. पासपोर्टवर मधलं नाव असेल आणि बँकेने ते गाळलं असेल, तर पुढे प्रत्येक खिडकीवर दोन कागद जुळत नाहीत म्हणून प्रश्न येतो.

अर्ज मुदत संपण्यापूर्वीच्या ३० दिवसांत घेतात. टीएम-७, फोटो, १,९०० बाट शुल्क, पासपोर्टच्या पानांच्या प्रती, बँकेचं पत्र, पासबुक, भाडेकरार, टीएम-३०ची पावती, घराचा नकाशा. पासबुक त्याच दिवशी अद्ययावत केलेलं असावं. सकाळी शंभर-दोनशे बाटचा व्यवहार करून नोंद छापून घ्या आणि मग कार्यालयात जा. प्रत्येक प्रतीवर सही. कोणत्या कार्यालयाला काय जास्तीचं लागतं हे बदलत असतं, म्हणून आठवडाभर आधी जाऊन त्यांचीच छापील यादी आणा. तारखांवर लक्ष ठेवा: थाई कागदांवर बुद्ध संवत असतं, इसवी सनात ५४३ मिळवायचे. २०२५ म्हणजे २५६८. शके आणि संवत वापरणाऱ्या आपल्याला ते लवकर अंगवळणी पडतं.

वर्षाचा शिक्का मिळाला की लोक निश्चिंत होतात आणि त्याच पैशातून गाडी घेतात. हे करू नका. २०१९पासून नियम असा आहे की मुदतवाढ मिळाल्यावरही तीन महिने पूर्ण ८ लाख ठेवायचे, त्यानंतर शिल्लक कधीही ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही, आणि पुढच्या अर्जाच्या दोन महिने आधी पुन्हा ८ लाख करायचे. मला विचाराल तर हे खातं घरखर्चाचं समजूच नका. पूर्ण ८ लाख तसेच पडू द्या, दैनंदिन खर्चासाठी दुसरं खातं ठेवा. मग वर्षभर तारखा मोजत बसावं लागत नाही.

आता तुमच्या एजंटबद्दल. रांगेत उभं राहायला, फॉर्म भरायला, थाई बोलायला कुणाची मदत घेतली आणि त्याचे पैसे दिले तर त्यात काही वावगं नाही. पण ‘पैसे नसले तरी चालेल’ म्हणणारा माणूस कुणाची तरी रक्कम तुमच्या खात्यात थोड्या काळापुरती फिरवतो आणि खोट्या कागदावर सही तुमची असते. प्रकरण उघडं पडलं तर परवानगी तुमची रद्द होते, देश सोडायची वेळ तुमच्यावर येते. साठीच्या उंबरठ्यावर, परक्या देशात, घर मांडून बसल्यावर हा धोका पत्करू नका. आणि ८ लाख बाट बाजूला ठेवणं खरोखरच शक्य नसेल, तर इथे दवाखान्याचा एक मोठा खर्चसुद्धा पेलणार नाही. अशा वेळी वर्षातून दोन-तीन महिने पर्यटक म्हणून येऊन राहणं जास्त सुखाचं.

९० दिवसांच्या रिपोर्टकडे परत येतो. गैरसमज कुठून होतो तेही सांगतो. पहिल्या मुदतवाढीचा अर्ज हाच पहिला रिपोर्ट मानला जातो. म्हणून लोकांना वाटतं की पुढच्या वर्षीही तसंच. तसं नाही. पहिल्यांदाच ही सवलत, त्यानंतर दोन्ही कामं स्वतंत्र. रिपोर्टचा फॉर्म टीएम-४७, शुल्क काही नाही. ठरलेल्या तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत कार्यालयात जाऊन करता येतो. दुसऱ्याला पाठवता येतं, रजिस्टर टपालाने पाठवता येतो, ऑनलाइनही होतो. ऑनलाइन करायचा तर ते १५ दिवस सुरू होताच करा, म्हणजे अर्ज नाकारला गेला तरी प्रत्यक्ष जायला वेळ उरतो. पावतीवर पुढची तारीख असते. ती पासपोर्टमध्ये टाचून ठेवा आणि फोनमध्ये दोन आठवडे आधीची आठवण लावा.

रिपोर्ट उशिरा झाला तर २,००० बाट दंड भरायचा आणि विषय संपतो. मुक्कामाची मुदत उलटली तर मात्र प्रकरण वेगळं: दिवसाला ५०० बाट, कमाल २०,०००, आणि ९० दिवसांपेक्षा जास्त झालं तर स्वतःहून हजर होऊन देश सोडला तरी किमान एक वर्ष प्रवेशबंदी. त्यामुळे रिपोर्टची तारीख चुकली म्हणून रात्रभर जागू नका, आणि मुदतीची तारीख मात्र स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

गणपतीचं. आधी मुदतवाढ, मग पुनर्प्रवेशाची परवानगी, आणि मग विमान, हाच क्रम. टीएम-८ एकदाच परत यायचं असेल तर १,००० बाट, कितीही वेळा यायचं असेल तर ३,८००. इमिग्रेशन कार्यालयात मिळते, बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर निघतानाही मिळते. ती न घेता देश सोडलात की वर्षाची मुदतवाढ त्या क्षणी संपते आणि सगळं पहिल्यापासून. ही परवानगी चालू मुदतीपुरतीच असते, त्यामुळे मुदत वाढली की नवी घ्यायची. चियांग माईत राहणार असाल तर दुसरा प्रवासही धरून चाला: फेब्रुवारी-मार्चपासून एप्रिलपर्यंत शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर इतका दाटतो की दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी त्या काळात इथे राहू नये. आम्ही बहुतेक वेळा त्या दिवसांत महाराष्ट्रात असतो. तीन फेऱ्यांपर्यंत एकेकट्या परवानग्याच स्वस्त पडतात, त्याहून जास्त फिरणार असाल तर ३,८०० वाली घ्या. परत आल्यावर ९० दिवस नव्याने, त्या प्रवेशाच्या दिवसापासून मोजायचे. १ मे २०२५पासून प्रत्येक प्रवेशाआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं, इथे राहणाऱ्यांनाही. ते मोफत आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर बंद करा.

पासपोर्टची मुदतही बघा. तो वर्षाच्या आत संपणार असेल तर मुदतवाढ तिथपर्यंतच मिळते. दूतावासातून नवा आला की जुन्यातले शिक्के इमिग्रेशनमध्ये नव्यात घेऊन यायचे.

शेवटी पत्नीबद्दल, कारण तुम्ही ते विचारलं नाहीत आणि बहुतेक नवरे विचारत नाहीत. त्यांना तुमच्यावर अवलंबून म्हणून मुदतवाढ मिळू शकते, वेगळे ८ लाख लागत नाहीत. त्यासाठी विवाह प्रमाणपत्र लागतं: आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन, मग थाई वकिलातीचं, इथे आल्यावर थाई भाषांतर आणि त्यांच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. हे निघण्यापूर्वीच सुरू करा. पुण्यात बसून करायला सोपं, इथून फार त्रासाचं. पण त्यांचा मुक्काम तुमच्या मुक्कामाला बांधलेला राहतो. तुमचं काही बरंवाईट झालं तर त्यांच्या परवानगीचा आधारच जातो आणि तुमच्या एकट्याच्या नावावरचे ८ लाख बँक थाई न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाशिवाय सोडत नाही. त्या वयात, त्या दुःखात, न कळणाऱ्या भाषेत बाईमाणसाला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागणं मला फार वाईट वाटतं. त्यांचं वय ५०च्या पुढे आहे, म्हणजे त्या स्वतःच्या हक्काने मुदतवाढ घेऊ शकतात. जमत असेल तर त्यांच्या नावावर वेगळे ८ लाख ठेवून त्यांची फाइल स्वतंत्र करा. जमत नसेल तर पहिल्या वर्षीच इथल्या वकिलाकडून थाई भाषेत मृत्युपत्र करून घ्या, त्यात व्यवस्थापक म्हणून त्यांचंच नाव घाला, आणि पासबुक कुठे आहे, कुठली तारीख कधी येते हे त्यांनाही दाखवून ठेवा.