मिरचीची पानं पिवळी का पडतात?

प्रश्न : खोलीत एलईडी दिव्याखाली कुंड्यांत मिरची लावली आहे. पानं पिवळी पडताहेत. खत वाढवू का?

उत्तर : एवढ्यात नको. आधी पिवळेपणा कुठून सुरू झाला ते पाहा. खालची जुनी पानं सरसकट फिकी पडत असतील तर नत्र (नायट्रोजन) कमी आहे. रोप ते जुन्या पानांतून काढून नव्या फुटीला देतं. जुन्याच पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम कमी. लिटरभर पाण्यात 2 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट मिसळून फवारा. हिरव्या शिरांची हीच जाळी शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसली तर लोह कमी पडतंय. बहुधा ते मातीत असतं, पण मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) 7च्या वर गेल्यानं मुळांना घेता येत नाही. सामू 6 ते 6.8वर आणा.

तरी नवख्यांच्या कुंडीत खरा दोषी बहुतेकदा पाणीच. माती ओली असूनही पानं मलूल दिसली तर मुळं गुदमरताहेत. वरची 2-3 सेंमी माती सुकल्यावरच पाणी घाला, तबकात साचलेलं पाणी ओतून टाका. पानांवर बारीक ठिपके असतील तर मागची बाजू भिंगाखाली पाहा. लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) सापडू शकेल.

पिवळी झालेली जुनी पानं क्वचितच पुन्हा हिरवी होतात. उपाय लागू पडला का, ते नव्या पानांवरून ठरवा.