टेकडीवर स्वयंसेवक म्हणून नेमकं काय काम असतं? झाडं लावायला कुठे जाऊ?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात आयटीत आहात, वेताळ टेकडीच्या पायथ्याशी राहता, रविवार मोकळा असतो आणि झाडं लावणारा एखादा ग्रुप जॉईन करायचाय. मी बरीच वर्षं टेकडीवर जातोय, आधी नुसता चालायला आणि मग हळूहळू कामाला, म्हणून स्पष्टच सांगतो, झाडं लावायला माणसं भरपूर मिळतात हो, ५ जूनला, पर्यावरण दिनाला, तर टेकडीवर माणसं जास्त आणि खड्डे कमी अशी परिस्थिती असते. खरी गरज आहे ती ऑक्टोबर ते मे या काळात येणाऱ्या माणसांची.

कारण बघा, टेकडीवर मातीचा थर जेमतेम, खाली सगळा काळा कातळ. पावसाळ्यात लावलेलं रोप दिवाळीपर्यंत छान दिसतं, पुढे माती तापायला लागते आणि मार्च-एप्रिलमध्ये ते जातं. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी घातलं तरच ते जगण्याची शक्यता, आणि वर नळ नाही, म्हणजे पाणी खालून न्यायचं. आमच्याकडे सकाळी चालायला येणाऱ्या काही काकू आहेत, त्या रोज येताना पाच लिटरचा एकेक कॅन घेऊन चढतात, ठरलेल्या झाडांच्या आळ्यात ओततात आणि मग गप्पा मारत पुढे जातात. फोटो नाही, टीशर्ट नाही, बॅनर नाही. टेकडीवरची निम्मी जगलेली झाडं अशा लोकांमुळे जगलीयत असं माझं मत आहे. आळ्यात वाळलेलं गवत, पालापाचोळा पसरून ठेवला की पाणी जास्त दिवस टिकतं, हे पण करायचं असतं.

आता दुसरी गोष्ट, जी नवीन लोकांना पटकन पटत नाही. पुण्याच्या टेकड्या म्हणजे घनदाट जंगल नव्हे, हा मुळातला गवताळ आणि काटेरी झुडपांचा, मधे मधे झाडं असलेला प्रदेश आहे. गवताचा मोकळा पट्टा दिसला की लोकांना वाटतं इथे काहीच नाही, चला खड्डे खणू. अहो तिथेच टिटवी, चंडोल, तितर जमिनीवर अंडी घालतात! कुसळी गवत तुमच्या सॉक्समध्ये घुसून जीव खातं हे खरं, पण ते तिथलंच आहे, त्याला राहू द्या. लावायचंच असेल तर जिथे आधीच झाडोरा आहे तिथे सालई, मेडशिंगी, पळस, पांगारा, गणेर, आपटा, खैर, हिवर अशी इथलीच झाडं लावा. वड-पिंपळ-गुलमोहर सरसकट नको आणि नर्सरीवाला स्वस्तात देतोय म्हणून तर अजिबात नको.

काढायचं कामही लावण्याइतकंच आहे. फेब्रुवारीत टेकडीवर गुलाबी फुलांनी भरलेली झाडं दिसतात ना, लोक रील्स बनवतात, ती गिरिपुष्प, ऊर्फ ग्लिरिसिडिया. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली, काही दशकांपूर्वी टेकड्या पटकन हिरव्या करायला लावली गेली आणि हिरव्या झाल्याही, फक्त त्यांच्याखाली इथलं फारसं काही उगवत नाही. शेंगा वाळल्या की तडकतात आणि बिया लांब फेकल्या जातात. नुसतं तोडून उपयोग नाही, बुंध्यातून परत फुटवे येतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये माती मऊ असताना लहान रोपं मुळासकट उपटायची. घाणेरीचं (लँटाना) पण तसंच, वरून छाटली की दुप्पट जोमाने येते, त्यामुळे जमिनीच्या दोन-तीन इंच खाली मुळावर घाव घालून अख्खं झुडूप काढायचं आणि मुळं वर करून उलटं टाकायचं, तेही फळं धरायच्या आत, नाहीतर पक्षी बिया सगळीकडे नेतात. मोठं झाड मात्र स्वतःच्या मनाने तोडायचं नाही, परदेशी असलं तरी. टेकडीचा काही भाग वनखात्याचा, काही महापालिकेचा, काही खाजगी मालकीचा, आणि वनजमिनीवर परवानगीशिवाय कोयता चालवला तर भारतीय वन अधिनियम १९२७ खाली तुम्हीच आरोपी. म्हणून एकट्याने सुरुवात करू नका, तिथल्या वनरक्षकाला भेटा, तो कोणता ग्रुप कुठे काम करतो ते सांगेल, नाहीतर रोज सकाळी सहाला चढणाऱ्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो जास्तच सांगेल.

आणि वणवा. डिसेंबरपासून गवत वाळतं आणि मग मे संपेपर्यंत धाकधूक असते. आग आपोआप लागत नाही हो आपल्याकडे, बिडी-सिगरेटचं थोटूक, दारू पार्टीची शेकोटी, कचरा पेटवणं किंवा जाळलं की गवत चांगलं येतं ही जुनी समजूत. एका दुपारी तीन वर्षांची झाडं जातात. यासाठी हिवाळ्यातच जाळरेषा काढतात, म्हणजे गवताचा पट्टा साफ करून ठेवायचा की आग तिथे येऊन थांबेल. साफ करायला, पाला ओढायला स्वयंसेवक लागतात, पेटवून पट्टा काढायचा असेल तर ते खात्याचे लोकच करतात, त्यात आपण हात घालायचा नाही. धूर दिसला तर आधी १९२६ ला, म्हणजे वनविभागाच्या हेल्पलाईनला फोन, अग्निशमनला फोन, मग ग्रुपवर मेसेज. हिरव्या डहाळ्यांनी झोडपून छोटी आग विझवता येते पण ते अनुभवी लोकांबरोबर, वारा आपल्या पाठीवर ठेवून आणि सुती कपड्यात, नायलॉनची ट्रॅकपॅन्ट घालून आगीजवळ जाऊ नका, ती अंगाला चिकटते.

बाकी कचरा आहेच, ३१ डिसेंबरनंतरच्या सकाळी पोतं आणि जाड ग्लोव्हज घेऊन या, काचा असतात. मोरांना दाणे आणि कुत्र्यांना बिस्किटं घालू नका, कुत्र्यांची संख्या वाढते आणि जमिनीवरची पिल्लं ते खातात, हे बोललं की भांडणं होतात पण बोलायचंच.

ऑफिसचा सीएसआर, म्हणजे कंपनीचा समाजकामाचा निधी, वगैरे असेल तर मॅनेजरला सांगा की पाचशे रोपांचे पैसे देण्याऐवजी पन्नास झाडांना तीन वर्षं पाणी घालणाऱ्या माणसाचा पगार द्या. बहुतेक नाहीच म्हणतील, पन्नास आकडा प्रेझेंटेशनमध्ये बारीक दिसतो.

तुमच्यासाठी माझा सल्ला, हा पावसाळा उपटणीला या, त्यात झाडं ओळखायला शिकाल, आणि नोव्हेंबरपासून घराजवळच्या चढाची दहा झाडं स्वतःकडे घ्या. फुल पॅन्ट, बूट आणि पाण्याच्या दोन बाटल्या आणा, एक तुम्हाला, एक झाडाला.