एकाच वॉर्डातील दोन पगार

देवगडहून आलेल्या एका वडिलांच्या पत्राचा आशय असा : मुलगी जीएनएम (परिचर्येची पदविका) झाली आहे, तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात राष्ट्रीय आरोग्य अभियानातून अकरा महिन्यांची कंत्राटी नेमणूक मिळत आहे, पगार कमी वाटतो, तर वैद्यकीय अधीक्षकांना भेटून तो वाढवून घेता येईल का?

आपले पत्र वाचले. अधीक्षकांना अवश्य भेटा, परंतु पगारासाठी नको, कारण तो त्यांच्या हातातच नाही. हापूसच्या पेटीचा भाव जसा बागेत ठरत नाही, वाशीच्या बाजारात ठरतो, तसा रुग्णालयातला पगार मंत्रालयात ठरतो, हे आपल्यासारख्या बागायतदाराला वेगळे सांगायला नको.

नियमित अधिपरिचारिकेला (स्टाफ नर्सला) सातव्या वेतन आयोगानुसार एस-१३ ही श्रेणी आहे. मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, वर्षाने तीन टक्के वाढ मिळून ते ३६,५०० होते, शिवाय महागाई भत्ता आणि गावाच्या वर्गवारीनुसार घरभाडे मिळते. घरभाड्याचा दर मुंबईत जास्त आणि देवगडात कमी असतो. यात घासाघीस नसते, तशी घाईही नसते : हा आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू धरला गेला, पण राज्याची अधिसूचना २०१९ मध्ये निघाली आणि थकबाकी पाच हप्त्यांत विभागली गेली.

कंत्राटी नेमणुकीत श्रेणी नसते, ‘एकत्रित मानधन’ असते. अभियानाचा खर्च केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के उचलते आणि मानधनाची रक्कम वार्षिक आराखड्यात मंजूर होते. त्यामुळे एकाच वॉर्डात, एकाच रात्रपाळीत, तेच सलाईन लावणाऱ्या दोघींच्या पगारात मोठी तफावत असते. मला हे अन्याय्य वाटते. ‘समान काम, समान वेतन’ हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाबच्या खटल्यात म्हटले आहे. मात्र निकाल आणि पगारपत्रक यांत बरेच अंतर असते. अभियानात दहा वर्षे सेवा झालेल्यांना नियमित सेवेत सामावून घेण्याचा निर्णय राज्याने २०२४ मध्ये घेतला, तरी त्याच्या अंमलबजावणीसाठी २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना संपावर जावे लागले.

तरीही मुलीने ही नेमणूक स्वीकारावी, असे माझे मत आहे, कारण घरी राहून अनुभव मिळेल आणि अभ्यासाला वेळ उरेल. (गणपतीत रजा मिळेलच, असे मात्र गृहीत धरू नका.) महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी वैध ठेवावी, दरवर्षी अनुभवाचे प्रमाणपत्र घ्यावे आणि नियमित पदांच्या सरळसेवा भरतीची जाहिरात आली की त्याच आठवड्यात अर्ज भरावा. खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांसाठी ४३ आहे, आणि अकरा-अकरा महिन्यांचे आदेश मिळत असताना ही वर्षे कशी सरतात ते कळत नाही. प्रत्येक जाहिरातीत प्रथम ‘वेतनश्रेणी’ हा शब्द आहे की ‘मानधन’, ते पाहण्याची सवय तिला आतापासूनच लावा.