आमच्या अंडरग्राउंड बँडला एका मोठ्या लेबलकडून (रेकॉर्ड कंपनीकडून) करार आलाय, ॲडव्हान्सही देतायत. सही करावी का? आणि नुसत्या संगीतावर पोट भरतं का?

करारात जिथे जिथे 'ॲडव्हान्स' आहे तिथे 'उचल' वाचा, मग ठरवा.

माझं गाव पाथर्डी तालुक्यात. दसरा झाला की तिथले लोक ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची, आणि परत येताना बऱ्याचदा अंगावर बाकी राहिलेलीच असते. हे लहानपणापासून पाहिलेला मी, मुंबईत मेटल बँडमध्ये बेस वाजवत असताना लेबलचा चेक घेऊन नाचत खाली उतरलो होतो.

शिकागोचा रेकॉर्डिंग इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनी याने १९९३ मध्ये एका काल्पनिक बँडचा हिशोब मांडला होता. उचल अडीच लाख डॉलर, खपलेल्या प्रती अडीच लाख. म्हणजे बँड चाललेला! रॉयल्टी झाली ३,५१,००० डॉलर. त्यातून उचल वजा, प्रोड्युसरचा वाटा वजा, प्रसिद्धीचा खर्च वजा, जुन्या छोट्या लेबलला सोडवणुकीचे दिलेले वजा. शेवटी बँडच्या अंगावर १४,००० डॉलर बाकी, आणि सगळं धरून प्रत्येकाच्या हातात जेमतेम चार हजार. त्याच वर्षी त्याने 'निर्वाना' या अमेरिकन रॉक बँडचा अल्बम रेकॉर्ड केला, तोही ठोक रकमेवर. रॉयल्टी नको, प्लंबरसारखी मजुरी द्या, असं त्याने बँडला लिहून कळवलं होतं.

आमची बाकी त्याहून वेगळी निघाली. आठ गाणी रेकॉर्ड झाली, मास्टर्स, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, कंपनीच्या नावावर गेले, आमच्यासाठी धडपडणारा तिथला माणूस नोकरी सोडून गेला आणि अल्बम निघालाच नाही. स्वतःचीच गाणी नेटवर टाकायची सोय उरली नाही.

कायदा तेव्हा माहीत असता तर! कॉपीराइट कायद्यानुसार हक्क किती वर्षांसाठी दिले हे करारात लिहिलं नसेल तर ते पाच वर्षांपुरते धरतात, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारतापुरते. दिलेला हक्क घेणाऱ्याने वर्षभरात वापरला नाही तर तो आपोआप संपतो, पण करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तरच. लेबलचे वकील ते वेगळं लिहून ठेवतातच. आमच्या करारात 'कायमस्वरूपी, जगभर' होतं आणि एक वर्षाचं कलम लागू नाही असंही होतं. तुमच्या कागदात आधी हेच शोधा.

२०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराच्या बाजूने एक चांगली गोष्ट केली. चाल आणि शब्दांच्या रॉयल्टीतला समान वाटा आता सही करूनही सोडून देता येत नाही. त्यासाठी आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे) सभासद व्हा, करार करा अगर करू नका. मास्टरची गोष्ट निराळी, तो एकदा कायमचा लिहून दिला की गेला.

लेबल म्हणजे चोर, असं मात्र मी म्हणणार नाही. अंधेरीच्या जे. बी. नगरच्या डिव्हाइन या रॅपरला सोनी म्युझिक या लेबलमुळे मोठी पोहोच मिळाली आणि पुढे २०१९ मध्ये त्याने 'गली गँग' ही स्वतःची कंपनी काढली. पण सोनीकडे जाण्याआधीच त्याला ऐकणारे लोक होते. असे लोक पाठीशी असले की घासाघीस करता येते. आमच्याकडे फक्त चाळीस काळे टीशर्टवाले होते, आणि त्यातले निम्मे इतर बँडमधले.

पोटाचं म्हणाल तर जुहूच्या रॅझबेरी ऱ्हायनोसेरस क्लबमध्ये वाजवून मिळालेले पैसे ड्रमसेट घरी न्यायच्या टॅक्सीत जायचे. सीडीपेक्षा टीशर्ट जास्त खपायचे. आज आमच्यातला एकजण घरी गिटार शिकवतो, एक लग्नाच्या संगीतात कव्हर्स, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, वाजवतो (आणि आमच्यात सर्वांत जास्त तोच कमावतो), मी नाटकांचं आणि कॉलेज फेस्टिव्हलचं साउंड करतो. आमचे सगळ्यांचे संसार संगीतावरच चाललेत, फक्त स्वतःच्या गाण्यांवर एकाचाही नाही. तुमच्या ड्रमरने नोकरी सोडायचं ठरवलं असेल तर त्याला सध्या थांबवा.

आणि करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. तो वकील लेबलने सुचवलेला नसावा. आम्ही तोच घेतला होता.